आवक-जावक

सातपूरला, गेट नंबर तीनवर
रजिस्टर माझ्या ताब्यात असतं.
गाडी नंबर, माल, वेळ, सही.
ड्रायव्हर सही करतात कोंबडी चालल्यासारखी,
माझं अक्षर मात्र वळणदार.
सुरगाण्याच्या आश्रमशाळेत गुरुजी म्हणायचे,
भोयांची मंजुळा तलाठी होणार.

गार्ड झाले.
निळ्या शर्टाचे साडेआठशे
पहिल्याच पगारातून कापले, बुटांचे वेगळे,
शिट्टीचेसुद्धा तीस.
ती अजून एकदाही वाजवलेली नाही.

कंपनीत विचारलं तर म्हणतात, तुम्ही एजन्सीच्या.
शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
एजन्सी म्हणते, कंपनीचं बिल अडकलंय.
मी जिन्यात उभी राहून बिल्ला वाचते.
बिल्ल्यावर फोटो माझाच आहे.

सुपरवायझरचं आडनाव पगारे.
दिवाळीपर्यंत आम्ही त्यावर हसायचो.
मग कळलं, त्याचेही तीन महिने थकलेत.
आता त्याला सगळे नुसतं दादा म्हणतात.

ड्युटी बारा तास. मस्टरवर आठ.
जानेवारीत केबिनच्या फुटक्या काचेला
सिमेंटची गोणी लावते.
पाणी बेतानं पिते,
कारण संडास कॅन्टीनच्या मागे
आणि गेट सोडायचं तर रिलीव्हर लागतो,
आणि रिलीव्हर, तो पुढच्या महिन्यात येणार असतो.

शिफ्ट सुटली की बायकांच्या पिशव्या तपासते.
डबा उघड गं. रुमाल झटक. राग मानू नकोस.
एक वायसर बाहेर जाऊ देत नाही मी.
आणि माझे चार तास
रोज माझ्या नाकासमोरून जातात बाहेर,
त्यांची पिशवी कोण उघडणार?

एका मंगळवारी खाडा पाडून
कामगार कार्यालयात गेले.
साहेब वाईट नव्हते, बसा म्हणाले.
म्हणाले, बाई, कागदावर आठच दिसतायत,
तुमच्याकडे पुरावा काय?

परतीच्या बसमध्ये, त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला,
बोटाला लागलेली शाई दिसली.

सकाळी ७.०५, कॅन्टीनचा टेम्पो.
रात्री ७.४०, स्क्रॅपचा ट्रक.
दोन्ही ओळींतला ळ सारखाच,
शेपूट जरा जास्त वळवलेला.
मस्टरला काय वाटायचं ते वाटो.

रजिस्टर कंपनीचं. फोटो काढायला बंदी,
मोबाईल तर गेटवर मीच जमा करून घेते,
स्वतःचाही.
म्हणून पोराच्या सहावीच्या वहीत,
भूमितीच्या मागच्या कोऱ्या पानांवर,
रोज दोन ओळी उतरवते.
पहिली गाडी. शेवटची गाडी.
एकशे सतरा दिवस झाले.

रात्रपाळीचे जिभाऊ, बागलाणचे,
त्यांनीही वही घेतली आता.
तिसरीपर्यंत शाळा. अक्षर बाभळीच्या काट्यांसारखं.
परवा विचारत होते,
सायेबले मन्हं अक्षर समजी का?
म्हटलं, जिभाऊ, आकडे काढा नीट,
आकड्यांना वळण लागत नाही.

तारीख मिळाली आहे. पुढचीही मिळेल.
एजन्सीचा माणूस येऊन गोड बोलून गेला:
दुसरी साइट देतो, सिन्नरला, बघा.
सिन्नरला जायला बस दोन, भाडं माझं.
बघते म्हणाले.

काल मात्र हात राहिला नाही.
सुटताना, कंपनीच्याच रजिस्टरमध्ये,
जावकच्या पानावर, स्क्रॅपच्या ट्रकखाली लिहिलं:

मंजुळा गावित. गाडी नंबर: पायी.
वेळ: ७.५२.
माल: चार तास.

सहीचा रकाना कोरा होता.
जिभाऊंनी चष्मा शोधला, वाचलं, काही बोलले नाहीत.
पेन उमटेना थंडीनं,
तळहातावर गिरगटून पाहिलं,
मग केली.