कांदेनवमी, डंडी

पहिल्या दिवशी कांदा वाळीत टाकला.
मग लसूण, गहू, दूध,
राजमा, फ्लॉवर, सफरचंद.
यादीत तूरडाळ वाचताना
आहारतज्ज्ञ मोराग अडखळली.
मीही, वेगळ्या कारणाने.
"फक्त सहा आठवडे," ती म्हणाली,
हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीत टे नदी होती, पुलासकट, करडी.

घरी येऊन हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं
चष्मा कपाळावर सारून वाचली:
गव्हाचं पीठ.
एकतीस वर्षं ही डबी
पोटदुखीवर मीच सगळ्यांना देत आले.

वहीत चार रकाने.
वेळ. काय खाल्लं. कुठे दुखलं. दहापैकी किती.
दुखण्याला मार्क द्यायला बसले
आणि शाळेतल्या कडक बाईंसारखा हात आखडता घेतला.
सहाच्या वर कुणालाच नाही.

आई फोनवर म्हणाली,
चातुर्मास धरलास का गं, माघात?
हो म्हटलं. सोपं पडलं.

भात, गाजर, मीठ.
भात, काकडी, अंडं.
ओटची लापशी, पाण्यातली.
शेजारच्या गिलेस्पीबाई म्हणाल्या,
ही तर आमची रोजची, यात आजार कुठला?

हेरंब बिचारा माझ्यासारखंच जेवला.
"मलाही हलकं वाटतंय."
दर शनिवारी तो पेट्रोल भरायला जाई
आणि तासाभराने परत येई
पुदिन्याची गोळी चघळत.
छत्री शोधताना सीटखाली हाताला लागली
लसणीच्या चटणीची बरणी, चमच्यासकट,
तिला चिकटलेलं ब्रॉटी फेरीच्या पार्किंगचं तिकीट.
समुद्राकडे तोंड करून खात असणार,
काचा वर, हीटर चालू,
नाक पुसत.

सातव्या आठवड्यापासून एकेकाला परत बोलवायचं,
तीन-तीन दिवस, साक्षीदारासारखं.
दूध निर्दोष सुटलं.
गहू: चार.
कांद्याच्या दिवशी मी कांदेनवमी केली,
चुकीच्या महिन्यात, व्रताच्या उलट्या टोकाला,
बाहेर बर्फाचा चिखल.
एकच भजं, तांदळाच्या पिठातलं,
कांदा ग्रॅमवर मोजलेला.
रात्रभर वाट पाहिली.
काही झालं नाही.
इतकी वर्षं ज्याच्यावर आळ घेतला
त्याला दुसऱ्या दिवशी चिरताना
डोळ्यांत आलं, ते कांद्यामुळेच असं धरून चालू.

लसणीने मात्र रात्री दोनला उठवलं.
आठ. वहीतला पहिला आठ.
पाय पोटाशी घेऊन बाथरूमच्या चटईवर बसले.
दाराबाहेर हेरंब. "काय आणू?"
शनिवार होता.
त्याच्या श्वासाला पुदिना,
पुदिन्याच्या खाली ती.

"गरम पाणी आण," म्हटलं.

बरणी मी तेव्हाच सीटखाली परत सरकवली होती,
तिकीट न काढता.
ते तेवढं पोटात ठेवलंय.
त्याच्यापुढे अजून शून्य आहे.