पान एकतीस

पहाटे पाचला उठते, कारण साडेआठला मला
दातांच्या डॉक्टरकडे टेबलामागे बसून लोकांना वेळा द्यायच्या असतात.
मधल्या तीन तासांत एक माणूस मरायला हवा.
कधी मरतो.
कधी नुसताच जिन्यात उभा राहतो, हातमोजे घातलेला,
आणि मलाच विचारतो, पुढे काय?
मी कॉफी पुन्हा गरम करते.

क्रिस्तियानसुंद. थोडी बेटं, आणि त्यांच्यात ये-जा करणारी एक होडी,
जिच्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.
अशा गावात खुनी लपवणं किती जिकिरीचं,
हे ओस्लोतल्या हिल्देगुनबाईंना पटत नाही.
त्या लिहितात : प्रेत विसाव्या पानाच्या आत हवं, गुनवोर.
लिहितात : मासे जरा कमी करता येतील?
मी मासे कमी करते. प्रेत अठराव्या पानावर ओढून आणते.
तरी मुखपृष्ठावर बर्फ, लाल घर, एक उजळलेली खिडकी.
माझी गोष्ट जुलैतली आहे, दोनदा कळवलं होतं.
जुलै खपत नाही, म्हणाल्या.
खरंय तेही. आमच्याकडे ईस्टरला लोक डोंगरातल्या लाकडी घरांत जातात,
भिंतीला पाठ टेकून उन्हात संत्री सोलतात
आणि खून वाचतात.
त्या आठवड्यावर माझं वर्ष.

मग हिशेब येतो.
परत आलेल्या प्रती : तीनशे बारा.
हव्या असतील तर निम्म्या भावात, नाहीतर लगदा.
चाळीस घेतल्या. तळघरात ठेवल्या.
‘कुठंतरी पाणी मुरतंय’ हे वाक्य मी नऊ पुस्तकांत मिळून
सहा इन्स्पेक्टरांच्या तोंडी घातलंय.
या वेळी खरंच मुरत होतं.
खालचा खोका उचलला तर तळ हातात आला.

ओडब्यर्न मासेवाला दाढ दाखवायला आला, तेव्हा म्हणाला होता,
मला घाल की पुस्तकात. मारू नकोस फक्त.
साक्षीदार केला त्याला.
त्याच्या होडीचा रंग चुकला माझा.
तेव्हापासून तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

गुरुवारी वाचनालयात माझंच पुस्तक सहज उघडलं
(सहज कसलं; किती जणांनी नेलं ते बघायला).
पान एकतीस. समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात
एकच शब्द :
बहीण.

चूक. खुनी जहाजदुरुस्तीवाला आहे, पान दोनशे ऐंशी.
बहीण बिचारी सूप पाठवते, शोक करते, तिसऱ्या प्रकरणात विझून जाते.
तरी मी तिथंच, दोन कपाटांमधल्या स्टुलावर बसले
आणि वाचत गेले, जणू दुसऱ्या कुणाचं.

पान एकतीसवर ती शेजारणीला म्हणते,
‘फार हट्टी होता तो.’
होता.
भाऊ तर तेव्हा जिवंत आहे. होडीला रंग देतोय.
माझ्या हातून काळ चुकला होता.
मी सात वेळा वाचलं, हिल्देगुनबाईंनी तीन वेळा,
मुद्रितशोधकानं पैसे घेऊन एकदा.
कुणालाच दिसलं नाही.
पेन्सिलवाल्याला दिसलं.
मग मलाही दिसायला लागलं : ती दार आतून लावते, बातमी यायच्या आधी.
दोघांचं सूप करते, एकाच भांड्यात वाढते.
हे सगळं मी लिहिलं होतं. माझ्याच हातानं. मला न सांगता.

टोरहिल्ड खोडरबर घेऊन आली. लाज आणतात लोक, म्हणाली.
राहू दे, म्हटलं. मुद्देमाल आहे.
कुणी नेलं होतं, ते सांगायची तिला परवानगी नाही.
नऊ खुनी पकडले मी,
आणि परतीच्या होडीत नुसती हात बघत बसले लोकांचे,
कुणाच्या बोटाला शिसं लागलंय का.
सगळ्यांनी मोजे घातले होते. थंडीच तशी होती.

आज पाच वाजता
तो पुन्हा जिन्यात उभा होता.
पुढे काय, त्यानं विचारलं.
मी कॉफीला हात लावला नाही.
म्हटलं, आधी एक सांग.
तुला बहीण आहे?