वाजवून घेणे

वेळ्ळीच्या खालच्या बांधावर, ओहोटीला,
पियेदादमावशी टोपली उपडी करते
आणि तिसऱ्या एकेक करून वाजवते.
डाव्या हातात एक, ती बदलत नाही,
आधीच पारखलेली, जिवंत.
तिच्यावर दुसरी. टक्. टक्. टक्.
मध्येच एक: ठप्प.
ती परत पाण्यात. मावशी बघतही नाही कुठे पडली.

"मेलेली आ वासते, ती आंधळ्यालाही कळते.
भ्यायचं मिटलेलीला.
आत जीव नाही, नुसता चिखल ठासलेला,
आणि शिंपला जिवंतीपेक्षा घट्ट.
अशी एक सुटली
तर अख्खा टोप दातांखाली करकरतो."

त्या वर्षी फुटबॉलच्या मैदानात मांडव पडला.
ब्रदर एफ्राईम. पांढरे बूट, माणसाएवढे स्पीकर.
रडायचा फार छान.
येशूचं नाव एका दमात चाळीसदा घ्यायचा
आणि प्रत्येक वेळी पाकिटं फिरायची.

मिंगेलकाकाला साखर. दोन बोटं आधीच गेलेली.
ब्रदर म्हणाला, सुई टोचणं म्हणजे देवावर संशय घेणं.
मांडव उसळला.
काकाने औषधाच्या बाटल्या साळ नदीत सोडल्या,
मावशीने कानांतली काढून पाकिटात घातली.
मी तेव्हा चौदाची.
माझ्याही अंगावर काटा आला होता, मीही हात वर केले होते.
हे लपवून पुढचं सांगता येत नाही.

नवव्या दिवशी काका न्हाणीत पडला. पायाला वास.
ब्रदर फोनवर म्हणाला, तुमचा विश्वास कमी पडला.

मग फादर उबाल्द आले.
तेच, तोतरे, ज्यांच्या प्रवचनात अर्धी इगर्ज पेंगते.
रात्रीचे दोन, पायांत घरातल्या सपाता.
काकाला गाडीत घालून मडगावला नेलं.
वाटेत त्यांनी प्रार्थना केली का, मावशीला आठवत नाही.
गाडी दोनदा बंद पडली, तेव्हा एक शिवी दिली, ती आठवते.
आणि सकाळी नर्सच्या शेजारी उभे राहून
सुई कुठे, किती टोचायची, ते वहीत लिहून घेतलं.

पाय गुडघ्याखाली गेला. काका राहिला.

म्हणजे इगर्ज खरी आणि मांडव खोटा, मी म्हटलं.
मावशी हसली नाही.
"ह्याच इगर्जीत माझ्या बापाला
फेस्ताच्या मिरवणुकीत तांबडा झगा घालू दिला नव्हता.
जात विचारली. क्रुसाखाली उभं राहून.
त्या पाद्रीचा गळा मात्र गोड होता हो,
लॅटिन म्हणायला लागला की बायका रडायच्या."
ठप्प.
परत पाण्यात.

आता रविवारी इगर्जीमागच्या खोलीत मी मुलांना धर्म शिकवते.
वर्षातून एकदा पिशवीभर तिसऱ्या नेते. बाकं ओली होतात,
झाडूवाली करवादते.
टक्, ठप्प, मुलांना लगेच जमतं.
पण गेल्या खेपेस सव्हियोची धाकटी म्हणाली,
टीचर, माणसाचं बोलणं वाजवायचं
तर डाव्या हातात काय धरायचं?

मला उत्तर तयार हवं होतं. नव्हतं.
मी सपातांबद्दल सांगितलं,
एक तर मागे रस्त्यावरच राहिली होती.

त्यानंतर शिकवताना
माझंच एखादं वाक्य फार गुळगुळीत सरकलं की थांबते.
कान देते.
कधी कधी मुलांच्या देखतच म्हणते,
हे नका लिहून घेऊ. ह्यात चिखल आहे.