भिंगुळ

पूर्णा स्टेशनाबाहेर माझा गाडा.
कढईत तापलेली वाळू, वाळूत शेंगा,
डाव्या हाताला रद्दीचा गठ्ठा,
परभणीहून किलोवर आणलेला.
कुणाची गणिताची वही, कुणाचं पंचांग,
कुणाची बिनकव्हराची कादंबरी.
पुडा वळायच्या आधी मी कागद वाचतो.
गिऱ्हाईक ओरडतं, मामा, गाडी सुटंल!
मी म्हणतो, थांबा हो, एवढा परिच्छेद.

सातवी झाली ती शाळेत.
पुढचं सगळं शेंगांच्या कागदावर.

'औट' असाच हाती लागला.
आम्हाला औट म्हणजे
रेल्वेच्या मैदानात दांडी उडणं, तेवढंच ठाऊक.
कागदावर मात्र होतं, 'औट हात जागा'.
पाच दिवस डोकं खाजवलं.
मग पोस्टातले रिटायर किशनराव म्हणाले,
अरे, औट म्हंजे साडेतीन.
छड्या खाऊन पाठ केलंय आम्ही,
दोन औटे सात, चार औटे चौदा...
साडेतीन!
एवढ्याशा आकड्याला स्वतःचं नाव होतं
आणि मी जन्मभर त्याला तीन-अन्-अर्धा म्हणत होतो.
त्या दिवशी ज्याला त्याला औट मुठी शेंगा दिल्या.
सुभद्रा म्हणाली, धंदा करता का पुण्य?

निढळ सापडला तेव्हापासून
मी कपाळ पुसत नाही, निढळ पुसतो.
घाम तेवढाच येतो.

आणि मग पौषातली ती संध्याकाळ.
कागदावर शेवटची ओळ :
'ते घर त्या वेळी कसं भिंगुळ-'
पुढचा कोपरा फाटलेला.
उरलेला शब्द अकोल्याच्या गाडीत गेला,
कुणाच्या तरी खिशात, तिखटमिठासकट.

भिंगुळ.
जिभेवर ठेवून पाहिला.
त्यात भिंग होतं काचेचं,
मागून गुळाचा वास येत होता.
समोर रेल्वे क्वार्टरांत दिवे लागत होते,
पिवळे, धुक्यात विरघळल्यासारखे.
मी ठरवून टाकलं,
हेच ते. ह्यालाच भिंगुळ म्हणतात.

त्याच महिन्यात लेक झाली.
फडक्यात गुंडाळलेली, उजेडाकडं डोळे बारीक करणारी.
रेशनकार्डावर संघमित्रा,
घरात भिंगुळी.
शब्द अंगणातून गल्लीत गेला.
सुभद्रा दुकानात म्हणायची,
जरा भिंगुळ रंगाचं दाखवा,
आणि दुकानदार न विचारता
बरोबर तेच लुगडं काढायचा.

एकोणीस वर्षं.
लेक नांदेडला शिकायला गेली,
एका रविवारी आली ती गाड्याशी येऊन गप्प उभी.
शेंगा फोडत म्हणाली,
बाबा, तुमचा शब्द सापडला. पुरा.
भिंगुळवाणं.
म्हंजे काय गं?
उदास. भकास. माणूस गेल्यावर घर वाटतं तसं.

कढईतला झारा थांबला.
लेकराला मी एकोणीस वर्षं
काय म्हणून हाक मारत होतो?
ती मात्र हसत सुटली,
ठसका लागेपर्यंत, टरफल घशात अडकेपर्यंत.
पाणी पिऊन म्हणाली,
वाचनालयाच्या कोशात पेन्सिलीनं लिहून आले मी,
खाली, बारीक अक्षरात :
'२. (पूर्णेकडे) दिवेलागणीला क्वार्टरांवर दिसणारा रंग.'
हट्टेकर सरांना कळलं तर दंड होईल.
होऊ दे, म्हणालो. शेंगांतून भरू.

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.
क्वार्टरांत दिवे लागले.
कोशातला पहिला अर्थ घ्यावा का दुसरा,
बराच वेळ कळेना.
वाळू हलवत राहिलो.
निढळ पुसलं.

मामा, गाडी सुटंल!
हो हो.
ह्या नव्या कागदावर एक शब्द दिसतोय.
आत्ताच सांगत नाही.
जिभेवर ठेवलाय.