सहज सुचण्याजोगे

घरून काम करायची मुभा मिळाली
तशी मुंबईचं ऑफिस सोडून मी नाशकात आले,
तांबट आळीत, दुसऱ्या मजल्यावर.
खाली वडनेऱ्यांचं दुकान.
सकाळी नवाला मी लॉगिन करते
आणि ते पहिला ठोका घालतात.

आजचा अर्ज अंबडचा.
इथून रिक्षाने वीस मिनिटं,
पण माझ्यापर्यंत यायला त्याला अडीच वर्षं लागली.
अर्जदार: मृदुला खैरनार, इरफान मणियार.
विषय: रिचार्जेबल बॅटरीसाठी इलेक्ट्रोड.

दावा एकाच वाक्यात मांडायचा, असा नियम.
म्हणून वाक्य चालत राहतं
स्वल्पविरामांच्या काठीवर भार टाकत:
तांब्याचा पत्रा, केसाहून बारीक,
ज्यावर खळगे, ज्यांत सिलिकॉन,
जे चार्ज होताना तिपटीने फुगतं,
आणि ज्या पत्र्याची कड, दोन मिलिमीटर,
कोरी सोडलेली आहे, जेणेकरून

जेणेकरूनपाशी मी नेहमी थांबते.
माणसाचा जीव तिथे अडकलेला असतो.

शोध घेतला. एक कोरियन कागद: त्यात खळगे आहेत.
एक जपानी: त्यात कोरी कड आहे, कारण निराळं.
दोन्ही शेजारी ठेवले
की आक्षेप बोटांतून आपसूक उतरतो:
"या कलेत निष्णात असलेल्या व्यक्तीला
हे सहज सुचण्याजोगे आहे."

ही निष्णात व्यक्ती कायद्यात राहते.
जगातला प्रत्येक कागद तिने वाचलेला,
प्रत्येक भाषेतला.
स्वप्न मात्र तिला पडत नाही.
अकरा वर्षं मी तिच्या भरवशावर सही करतेय,
कधी चहाला बोलावलं नाही.

दुपारी लाइट गेली.
इन्व्हर्टर दोनदा कण्हला आणि बसला
(त्याची बॅटरी बदलायची आहे, गेल्या दिवाळीपासून).
खाली उतरले.
वडनेरे दारातल्या उजेडात हंडा मठारत होते,
ठोक्याला ठोका चिकटून,
मधमाश्यांनी घर भरत न्यावं तसा.
फक्त गळ्यापाशी दोन बोटं कोरी.

"इथे का नाही मारत?"
"तडकतं."
"कोणी सांगितलं?"
"कोण सांगणार? तडकलं तेव्हा कळलं."
"म्हणजे सहज सुचलं."

हातोडी थांबली.
आळीतल्या बाकीच्या चालूच होत्या.
"सहज? अहो ताई, एकोणीस हंडे मोडीत घातले मी.
विसाव्याला वडील दुकानात येईनात,
बघवत नाही म्हणाले."
मग हंडा फिरवून माझ्याकडे केला.
"आता तुम्हाला दिसतंय ना,
म्हणून सहज."

वर आले. लाइट आली होती.
पान सतरावर एक तक्ता होता,
सकाळी मी तो बोटाने सरकवून दिला होता.
नमुना एक: तडे. नमुना दोन: तडे.
नमुना नऊ: तडे, कडेपासून.
असं एकतिसापर्यंत.
बत्तिसाव्यापुढे नुसती रेघ मारलेली,
आठशे फेऱ्या, रेघ.
ती रेघ टाइप करताना
अंबडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये किती वाजले असतील,
मणियार घरी गेला असेल का,
याला अहवालात रकाना नाही.

हंड्याचाही विचार केला, खोटं कशाला बोलू.
पूर्वज्ञान म्हणून जोडता येईल का?
पण हंडा फुगत नाही, फक्त तापतो.
आणि वडनेऱ्यांनी कुठे काही छापलेलं नाही,
त्यांचं सगळं प्रकाशन
धुणाऱ्या-घासणाऱ्या हातांखाली झिजून गेलंय.

कर्सर "सहज"च्या मागे नेला.
अक्षर अक्षर मागे खाल्लं.
पूर्ण वाक्य जायला
वाटलं त्याहून जास्त वेळ लागला.

दावा चारमधल्या "सुमारे" या शब्दावर मात्र
आक्षेप ठेवलाय, ठाम.
सुमारे दोन मिलिमीटर म्हणजे किती?
खैरनारबाई, एकतीस वेळा तडकलंय तुमच्या हातात.
तुम्हाला माहीत आहे.
लिहा.