पहिल्या वर्तुळात डाग नको

कामाला लागण्याआधी तीस मिनिटं
नुसतं अंधारात बसायचं, असा नियम आहे.
मोबाईल बाहेर. घड्याळही बाहेर, काटे चमकतात म्हणून.
चिकलठाण्याच्या या खोलीला खिडकी नाही,
भिंती काळ्या, दार दुहेरी;
डोळे खाली जातात
पायऱ्यांच्या विहिरीत उतरावं तसे.
मुबीनभाई त्या अर्ध्या तासात बोलत नाहीत.
बडीशेप चावल्याचा आवाज तेवढा येतो.

मग नळी. अंगठ्याच्या पेराएवढी.
आत भाकरीच्या पापुद्र्यासारखी तबकडी,
तिला लाखो भोकं,
आणि उजेडाचा एक दाणा पेरला की
पलीकडे हजारांनी रास.
ही कंपनीच्या माहितीपत्रकातली भाषा नाही,
माझी आहे.

मी मोजते.
एका मिलिमीटरात रेघांच्या चौसष्ट जोड्या
सुट्या सुट्या दिसल्या पाहिजेत.
सत्तावन्नला थांबली तर परत.
दिव्याभोवतीचं खळं मोजते.
आण्णा चंद्राचं खळं पाहून पाऊस सांगायचे,
मोठं असलं की जवळ आला म्हणायचे.
इथं खळं मोठं म्हणजे नळी बाद.
अगदी कडेला बारीक डाग चालतात,
किती, केवढे, ते तक्त्यात दिलंय.
मधल्या वर्तुळात एकही नको.

सतराशे बेचाळीस नंबरला होता.
मोहरीचा तुकडा म्हणावा एवढा.
बाकी सगळं उत्तम: रेघा, खळं, आयुष्य,
कुरकुर इतकी कमी की चित्र तळ्यासारखं स्थिर.
मी म्हटलं, एवढ्याशानं?
मुबीनभाई म्हणाले, चारशे मीटरवर
त्या टिंबाआड अख्खा माणूस मावतो, मंदाकिनी.
त्यांनी हातोडा मारला, मी साक्षीदार म्हणून सही केली.

आणि एक मोजमाप आहे,
त्याचं मला अजून नवल वाटतं:
सगळा उजेड बंद केला
तरी नळी आतून थोडी उजळतेच,
कोणी न सांगता, कशावाचून.
थोडं चालतं. त्यालाही हद्द आहे.
मे महिन्यात एसी बंद पडला,
बाहेर चव्वेचाळीस,
तेव्हा रांगेतल्या साऱ्या नळ्या
एकेक करत उजळत गेल्या.
तापलं की नसलेलं दिसतं,
असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं.

पिशोरला शेतीची लाईट रात्री बाराला येते.
आण्णांना दिवेलागणीनंतर दिसत नाही,
लहानपणापासूनच.
गावानं त्यांचं नावच रातांधळा ठेवलं होतं,
पण पाणी द्यायला जायचे तेच.

परवा अमावस्येला मी त्यांच्या मागं गेले.
तीस मिनिटं मनात मोजली,
डोळे पुरते उतरले तेव्हा
मला बांध दिसला, मक्याचे शेंडे दिसले,
आणि तारका-प्रकाशाची पातळी किती
हेही सवयीनं मनात आलं.
आण्णा पुढं. बॅटरी खिशात, न लावलेली.
पाय आधी टेकवत, मग टाकत.
मोटारीची घरघर, रातकिडे, कुठंतरी कुत्रं,
आणि त्या सगळ्यात ते थांबले.
"पोचलं बग शेवटल्या सरीला."
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
मी वाकून हात घातला.
बोटं ओली झाली.

परत येताना त्यांनी विचारलं,
"तुमच्या त्या नळीतून अंधार कसा दिसतो गं?"
दिसत नाही, म्हटलं. हिरवं दिसतं सगळं.
"मंग अंधार जातो कुठं?"

मी उत्तर शोधत राहिले.
ते तोवर बांधाच्या वळणावर पोचले होते,
दगड कुठला हलतो ते मला सांगत:
"डावा नको ठेवू. उजवा ठेव."