घडी

ग्रेंजव्हिलच्या तळावर सगळ्यात मोठी खोली
शिवणाची आहे. खरं वाटत नाही कुणाला.
सहा-सहा फुटी माणसं, बोटांना झाडाचा चीक,
जीभ दातांत धरून सुईत दोरा ओवतात.
ऑरिन हॉगनला स्वतःच्या लग्नात टाय बांधता आला नाही,
पण बॉबिन तो डोळे मिटून भरतो.

माझं काम घडीचं.
लांब टेबलावर पॅराशूट पसरायचं,
दोऱ्या एकेक ताणून मोजायच्या,
पोटातली हवा काढायची हलक्या हाताने,
तान्ह्याची ढेकर काढतात तशी.
मग कार्डावर तारीख. सही : डी. लुंडक्विस्ट.
गुडघा गेल्यापासून मी एवढीच उडी मारते.

मंगळवारी दुपारी भोंगा वाजला.
पूर्वेच्या डोंगरात वीज पडली होती,
रस्ता संपतो तिथून पुढे दोन दिवसांची चाल,
एवढ्या आत.
विमान गेलं.
मशीनखाली कुणाचा तरी खिसा
अर्ध्या टाक्यावर तसाच, सुई आत रुतलेली.

पुढचं मी आता खोलीत बसूनच बघते :
आधी कागदाच्या पिवळ्या पट्ट्या सोडतात,
वारा त्यांना कुठे नेतोय ते पाहतात.
खांद्यावर थाप.
आणि ऑरिन
माझी घडी मोडतो.
सणाच्या कपड्यांची मोडतात तशी नाही,
एका हिसक्यात,
खाली सगळा धूर.

शुक्रवारी परतले. प्रत्येकाच्या पाठीवर पन्नास किलो.
आग अडीच एकरांची होती, विझली.
पेपरात नाव येण्याइतकी
वाढूच दिली नाही तिला,
म्हणून पेपरात काही नाही.

पॅराशूट मनोऱ्यात टांगून झटकलं.
सुया पडल्या, पाइनच्या.
एक मेलेला भुंगा.
आणि डावीकडे, शिवणीजवळ,
तळहात जाईल एवढी फाट.

“झाडावर लटकला होतास?”
“थोडा वेळ.”

त्याने मशीनवरचा तो खिसा सोडवून बाजूला ठेवला,
ठिगळ कापलं, कडा दुमडल्या,
पायाने मशीन चालू केलं.
थोडा वेळ म्हणजे किती
ते मी विचारलं नाही.

ठिगळावरून अंगठा फिरवून पाहिला.
मग टेबलावर पसरलं
आणि दोऱ्या मोजल्या,
नेहमीपेक्षा एकदा जास्त.